मधला बोअर

मधला बोअर मी चुकवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपण शिकवायला लागले तर वाचणाऱ्याला मला गप्प बसवता येईल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात तेव्हा भातखाचरांवर इमारती उभ्या राहायला नुकती सुरुवात झाली होती. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून उल्हासनगरच्या एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होते. साइटवर बाई म्हटलं की लोक आधी डोक्यावर घमेलं शोधायचे. माझ्या डोक्यावर घमेलं नसायचं, हातात टेप असायची आणि तोंडाचा पट्टा सुरू असायचा. मुकादम माझ्यामागे मला 'हेडबाई' म्हणायचा. ते माझ्या कानावर आलं होतं आणि मला आवडलंही होतं.

शेठ साठीचे, सिंधी, जिभेला तिखट आणि मनाने बरे. तीन विंगची इमारत होती, तळमजला अधिक तीन. मधल्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट आमचा होता. म्हणजे व्हायचा होता. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशिनीवरून उतरलेला माल मापायचा आणि मापात नसेल त्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचा, एवढंच काम त्यांनी तीस-एक वर्षं केलं. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते आणि उल्हासनगरच्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. फ्लॅट बुक करायला मीच त्यांच्या मागे लागले होते. "माझ्या डोळ्यांसमोर बांधला जाणार आहे पप्पा, सिमेंटचं पोतंसुद्धा मी मोजून घेणार," असं मी म्हणाले होते. आईने नकाशा बघून बुद्धाची मूर्ती कुठल्या भिंतीला ठेवायची तेही ठरवून टाकलं होतं.

आता बोअरचं. इमारत बांधण्याआधी जमिनीला भोकं पाडून खाली काय आहे ते बघतात. आम्हाला पाच बोअर घ्यायचे होते, चार कोपऱ्यांना चार आणि एक मध्यभागी. भात नुकतंच कापलेलं. कोपऱ्यातले चार सुरळीत झाले. मधल्यासाठी बोअरवाल्यांनी आपली तीन पायांची लोखंडी घोडी खाचरात नेली, तर ती गुडघाभर रुतली. इतर खाचरांत घोट्याएवढा चिखल आणि इथेच गुडघाभर का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला दुपारच्या आत काम उरकून रिपोर्ट लावायचा होता.

"मॅडम, बांधावर घेऊ का? बांध कडक आहे," बोअरवाला म्हणाला. बांध तिथून तीस-पस्तीस फूट लांब होता. मी म्हटलं, घ्या. बांधावर घेतला. चार फुटांवर पक्का मुरूम, त्याच्याखाली काळा पत्थर. कागदावर मी खूण मात्र मध्यभागी केली, कारण कागदावर ती तिथेच शोभून दिसत होती. खाली सही केली. सही मोठी आणि वळणदार करायची तेव्हा मला हौस होती.

रिपोर्ट बघून शेठ खूश झाले. "अपने इधर नीचे पहाड है बेटा, पहाड. हाथी बांधो तो भी हिलेगा नहीं." मलाही ते पटलं. आपल्याकडे जमीन खचते ती डोंगराच्या कडेला, सपाट खाचरात कशाला खचेल, असं मी धरून चालले होते.

थंडीत लाइनआउट झालं. चुन्याच्या रेघा मारल्या, कॉलमला नंबर दिले, पायाचे खड्डे खणले. पाच फुटांवर सगळीकडे पिवळा मुरूम लागला. पहारीने ठोकून बघितला, कडक वाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यांच्या तळाला काँक्रीटचा पहिला थर टाकायचा होता. मिक्सर येऊन उभा होता.

आदल्या दिवशी अकराच्या सुमाराला गावातून बँजो वाजत आला. गावात कुणाकडे तरी हळद होती. दहा-बारा बायका नऊवारी कासोट्यात, पुढे एकीच्या डोक्यावर कळशी, आणि सगळ्यांच्या पुढे एक काटक, उंच बाई. ती धवलारीण. आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी आणि कुठल्या वेळी काय करायचं ते सांगणारी बाई ती. तिच्या शब्दापुढे तिथे नवऱ्याच्या बापाचंही चालत नाही. त्या सगळ्या सरळ आमच्या साइटवर शिरल्या. मी आडवी गेले.

"मावशी, इथे काम चालू आहे. खड्डे आहेत, कुणी पडेल."

"पडल कशाला? आमाला बावीवर जायचंय."

बाव म्हणजे विहीर, एवढं मला माहीत होतं. मी हसले. "इथे कुठली बाव?"

तिने उत्तर दिलं नाही. ती बांधावर जाऊन उभी राहिली. समोर चिंचेचं झाड आणि त्याच्यामागे गावदेवीच्या देवळाचा कळस, दोन्ही एका रेषेत येईपर्यंत ती बांधावर सरकली. मग वळली आणि पावलं मोजत आत आली. सतरा. सतराव्या पावलाला ती आमच्या चौदा नंबरच्या कॉलमच्या खड्ड्याच्या काठावर होती. मी आठवडाभर दुर्बीण लावून, दोऱ्या ताणून जे केलं होतं ते तिने एका मिनिटात केलं, तेही गाणं न थांबवता.

बायकांनी खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, कळशी टेकवली. हळदीचं पाणी विहिरीवरून आणायची त्यांची रीत. विहीर राहिली नाही म्हणून त्या घरच्या नळाचं पाणी भरून आणत होत्या, विहिरीच्या जागी टेकवत होत्या आणि तेच पाणी परत नेत होत्या. जाताना धवलारणीने तांब्याभर पाणी खड्ड्यात ओतलं. एका कोपऱ्यात ते साठलं, दोन बुडबुडे आले आणि पाणी खाली गेलं. शेजारच्या खड्ड्यात मजुरांनी सकाळी मारलेलं पाणी अजून तसंच होतं.

मी धवलारणीला थांबवलं.

"मावशी, विहीर कधी बुजवली?"

"गेल्या साली. जमीन इकायची होती ना. दलाल बोलला, बाव दिसली तर गिऱ्हाईक भाव पाडल. मंग गाड्या आनल्या, भरली, वरती मुरूम, त्याच्या वरती माती. एक पीक काढलं भाताचं. कठड्याचं दगड पन घराच्या जोत्याला नेलं." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुला कोनी सांगलं नाय?"

"नाही."

"तू इचारलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं. "बाव बुजवली म्हनून नवऱ्याला हलद लागायची थांबते का," असं म्हणत ती निघून गेली आणि बँजो परत गावात गेला.

बी विंगचा चौदा नंबरचा कॉलम. त्याच्यावर पहिला मजला, दुसरा मजला, आणि तिसऱ्याला आमचं स्वयंपाकघर.

दुपारी मी उल्हासनगर कॅम्पातल्या ऑफिसात शेठकडे गेले. तिथे मी अर्धंच बोलले, हे कबूल करायला हवं. म्हटलं, गावातली एक बाई म्हणते तिथे विहीर होती. शेठनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "बेटा, रिपोर्ट में बीचवाला होल है ना? उसमें पत्थर आया ना? फिर गानेवाली बाई सच्ची की मशीन सच्ची?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मशीन खरीच होती, तिची जागा खोटी होती, आणि ते सांगायला माझी जीभ उचलेना. नोकरी जाईल याची भीती होती. त्याहून जास्त भीती पप्पांची वाटत होती.

संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले. हातपाय धुऊन चहाला बसले, तेव्हा मी सगळं सांगितलं. चिखल, बांध, कागदावरची खूण, सही, सतरा पावलं. आई ओट्याशी उभी होती, ती वळलीच नाही. पप्पांनी चहा संपवला.

"विहिरीचं तू गावात विचारलं नाहीस?"

"सुचलंच नाही. मी नळाच्या पाण्यावर वाढले पप्पा."

"मला सुचलं असतं," पप्पा म्हणाले. "आमच्या गावात आम्हाला चालायला लागल्यावर पहिल्यांदा काय शिकवलं माहीत आहे? विहीर कुठे आहे ते. का, तर तिकडे जायचं नाही. आमची आई वरच्या पायरीवर कळशी ठेवून दूर उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर ओतलं. गावात किती विहिरी, कुठल्या कुणाच्या, डोळे बांधून सांगितलं असतं मी. आणि तू इंजिनिअर होऊन विचारलं नाहीस."

मला रडू आलं. रागही आला, स्वतःचाच. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गावाविषयी ते बोलायचेच नाहीत. मी म्हटलं, उद्या सकाळी काँक्रीट पडेल आणि सगळं झाकलं जाईल, इमारत लगेच काही पडणार नाही, कदाचित कधीच पडणार नाही.

"माल मापात नसला की आम्ही काय करायचो?"

"लाल फराटा."

"मग? माल स्वतःचा असला की रंग वेगळा लावतात का?"

आई तेव्हा बोलली. "घर गेलं तर जाऊ दे. पण त्या तळमजल्यावर कुणाची तरी लेकरं झोपणार आहेत." आणि तिने मला अर्ज लिहायचा कागद काढून दिला.

मी लिहिलं. मधला बोअर मध्यभागी घेतला नाही, बांधावर घेतला, चूक माझी, नकाशावरची खूण खोटी, चौदा नंबरखाली बुजवलेली विहीर असण्याची शक्यता आहे, खोदून बघितल्याशिवाय काम करू नये. तीन प्रती केल्या. एक शेठला, एक आर्किटेक्टला, एक पायाचं डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंट साहेबांना. सही या वेळी लहान आणि वाचता येईल अशी केली.

सकाळी साइटवर पोचले तर मिक्सर सुरू झाला होता. मुकादमाला सांगितलं, थांबव. तो म्हणाला, शेठची ऑर्डर आहे, चौदापासूनच सुरू करायचं आहे. मी चप्पल काढली आणि चौदा नंबरच्या खड्ड्यात उतरून उभी राहिले.

"मॅडम, वर या. लोक हसतायत."

"हसू दे. माझ्या अंगावर ओतणार असशील तर ओत."

आता आठवलं की मलाही हसू येतं. पोकळ जमीन आहे असं सांगायला मी त्याच पोकळीवर जाऊन उभी राहिले होते. पण त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं आणि हटायचं नाही एवढं पक्कं होतं. दीड तास उभी होते. पायाखाली गार ओल लागत होती. मजूर काठावर बसून तंबाखू मळत होते.

शेठ आले ते चिडूनच. मी खालूनच कागद वर दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी सगळं ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. ते दमले तेव्हा मी म्हटलं, "शेठ, मला काढून टाका. पण आधी जेसीबी बोलवा. दोन तास. याच कॉलमवर माझ्या पप्पांचं घर आहे, मी खोटं कशाला बोलू?"

त्यांना ते माहीत होतं, बुकिंगच्या दिवशी पप्पांना पेढा त्यांनीच दिला होता. ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. मग मुकादमाला म्हणाले, "जेसीबी बुला. और इसको पहले बाहर निकाल."

जेसीबीने मुरूम उपसायला सुरुवात केली. सहा फूट, सात फूट, सगळा पिवळा, कडक मुरूम. मुकादम माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. आठव्या फुटाला बकेट वर आलं ते निळं होतं.

जीन्सच्या चिंध्या. उल्हासनगरच्या कारखान्यांतून कापून उरलेल्या, ओल्या, काळ्यानिळ्या, लांबच लांब. बकेटच्या दातांना लोंबत होत्या आणि पाणी गळत होतं. कुजल्याचा वास इतका आला की मजूर उठून लांब गेले. दुसरं बकेट, तिसरं, सगळं तेच. चौथ्याला बकेट खाली गेलं आणि जेसीबीचा हात पूर्ण लांब झाला तरी तळ लागला नाही. खड्ड्याची एक कड हळूच आत बसली, तिच्यामागे जुनी दगडी गोल बांधणी दिसली. ड्रायव्हरने न विचारता मशीन मागे घेतलं.

शेठनी एक चिंधी काठीने उचलली आणि बघितली. त्यांच्या घरातलेच दोघं-तिघं जीन्सच्या धंद्यात होते. "ये तो अपना ही माल है," ते एवढंच म्हणाले. तीन मजले आम्ही स्वतःच्याच गावच्या कचऱ्यावर उभे करणार होतो, हे त्यांना मी सांगायची गरज उरली नाही.

कन्सल्टंट साहेब दुसऱ्या दिवशी आले. शांत माणूस. मला रागावतील म्हणून मी मान खाली घालूनच उभी होते. ते म्हणाले, काही देशांत डोलोमाइट नावाचा दगड असतो, तो शेकडो वर्षं पाण्यात विरघळत जातो, आत पोकळ्या होतात आणि एखाद्या दिवशी वरची जमीन घरासकट आत जाते. तिथे बांधायच्या आधी जमिनीचा तपास करतात, पाण्याचा एकेक पाइप गळतो का बघतात, जिथे धोका तिथे घरंच बांधत नाहीत. "आपला काळा पत्थर बिचारा पक्का आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे पोकळ्या माणसं करतात आणि विसरतात. म्हणून आपल्याला दगडाइतकंच माणसांना विचारायला लागतं." मग त्यांनी सगळ्या प्लॉटवर जवळजवळ बोअर घ्यायला लावले. प्रत्येक बोअरला मी चिखलात उभी होते.

बी विंग रद्द झाली. ए आणि सी उभ्या राहिल्या, मधली जागा मोकळी ठेवायची ठरलं. बी विंगच्या लोकांचं बुकिंग शेठनी परत केलं, बाकीच्या दोन विंग आधीच भरल्या होत्या. आमच्या हातचं घर गेलं. पप्पा रिटायर झाले ते त्याच दोन खोल्यांत. आई मला एका शब्दाने बोलली नाही, आणि न बोलणं मला जास्त लागलं. मला शेठनी काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. एवढंच की नंतर नवीन सुपरवायझर आला की ते त्याला माझं ते पत्र दाखवायचे. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं.

त्यानंतर मी एक नियम केला आणि आजवर मोडलेला नाही. नवीन साइट आली की मशीन न्यायच्या आधी मी गावात जाऊन बसते. पालेगाव असो, बदलापूरला शिरगाव असो. सरपंचाकडे किंवा दलालाकडे जात नाही. लग्नं लावणाऱ्या बायकांकडे जाते, गुरं चारलेल्या म्हाताऱ्यांकडे जाते. बाव कुठे होती, वीटभट्टीला माती कुठून काढली, दगडाची खाण कुठे होती, कुठल्या खाचरात म्हैस रुतायची. सगळं वहीत लिहिते, पावलं मोजून घेते. शिरगावात एकदा सात बुजवलेल्या विहिरी निघाल्या, त्यातल्या दोन आधीच कुणाच्या तरी पार्किंगखाली होत्या. त्या सोसायट्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एकीने ऐकलं, दुसरीने मला वॉचमनकरवी बाहेर काढलं. मी परत गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "विहीरवाली बाई, बसा." मी बसले आणि पार्किंग खोदून बघायचं कबूल करून घेऊनच उठले.

पालेगावची विहीर मात्र शेठनी उपसायला घेतली. चिंध्या काढायलाच महिना गेला. तळाला गाळ काढल्यावर झरा मोकळा झाला आणि पाणी वर चढलं. गोल कठडा बांधला, वर जाळी बसवली, एका बाजूने उघडेल अशी. पुढच्या लग्नसराईत धवलारणीने मला निरोप पाठवला, हळदीचं पाणी काढायला ये म्हणून. मी पप्पांना घेऊन गेले. त्यांनी ती जागा कधी बघितली नव्हती.

दोन इमारतींच्या मधे ती मोकळी जागा, मधे विहीर. पप्पा कठड्यापासून चार पावलं अलीकडेच थांबले. "आपलं घर कुठे येणार होतं?" त्यांनी विचारलं. मी विहिरीच्या बरोबर वर हात केला. तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर, जिथे आता नुसतं आकाश होतं. पप्पांनी मान वर करून बघितलं. मग म्हणाले, "हवा चांगली आली असती."

बायकांनी जाळी उघडली, पूजा केली. पहिली बादली काढायला धवलारणीने दोर हातात घेतला, खाली सोडला, आणि कंबरेला हात लावून थांबली. "माजं हात भरलं. वो दादा, तुमी ओढा की." ती पप्पांना म्हणत होती. तिला आमचं काहीच माहीत नव्हतं, किंवा असेलही.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मी काढू?" त्यांनी तिला विचारलं.

"मंग कोन?"

ते पुढे गेले. कठड्याला पोट टेकवून त्यांनी खाली बघितलं आणि दोर धरला. सवय नव्हती, बादली कडेला दोनदा आपटली आणि अर्धी सांडली. वर आली तेव्हा त्यांनी ती कळशीत ओतली. कळशी भरली नव्हती.

"थांबा," पप्पा म्हणाले, "अजून एक काढतो." आणि त्यांनी बादली परत खाली सोडली.